खुर्चीत वाढलेला देह

मानवाकृती रेखाटायला शिकणाऱ्याने शरीररचनेसाठी कोणते पुस्तक जवळ ठेवावे, असे पुण्यातल्या कलाशिक्षकांना विचारले की उत्तरात दोन-तीन नावे हमखास येतात. जॉर्ज ब्रिजमनचे १९२० चे ‘कन्स्ट्रक्टिव्ह ॲनाटॉमी’, अँड्र्यू लूमिसचे १९४३ चे आकृतिरेखाटनावरचे पुस्तक, आणि फारच खोलात शिरायचे असेल तर ‘ग्रेज ॲनाटॉमी’. पुस्तके वाईट नाहीत. देह म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या पाचरी, हे ब्रिजमनसारखे ठासून कुणी सांगितलेले नाही. लूमिसचा आठ डोकी उंचीचा पुरुष प्रमाणाची शिस्त लावतो. माझा आक्षेप वेगळा आहे. या पुस्तकांतला माणूस उभा राहतो, धावतो, वाकतो, फार तर खुर्चीवर किंवा ओट्यावर टेकतो. जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवा बसलेला माणूस त्यांत जवळजवळ भेटत नाही. आणि आपल्या चित्रांना तर तोच लागतो.

‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या बाबतीत हे थोडे चमत्कारिक आहे. त्या ग्रंथातली ३६३ चित्रे काढणारा हेन्री व्हॅनडाइक कार्टर १८५८ मध्ये ग्रंथ बाजारात येण्याआधीच मुंबईला निघून आला. चित्रांबद्दल त्याला एकरकमी दीडशे पौंड मिळाले. पुढच्या विक्रीतला वाटा ग्रेचा. कार्टर ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागला, तेव्हा जे. जे. कलाशाळा सुरू होऊन जेमतेम वर्ष झाले होते. पुढे तो साताऱ्यात सिव्हिल सर्जन होता आणि १८८८ पर्यंत हिंदुस्थानात राहिला. म्हणजे ज्याच्या हाताने इंग्रजी जगाला स्नायू दाखवले, त्याने आयुष्यातली तीस वर्षे जमिनीवर बसणाऱ्या माणसांत काढली. पण ती ३६३ चित्रे त्याआधीची, लंडनमधल्या विच्छेदनाच्या टेबलावर पडलेल्या देहांची. त्या देहांवर भार कुठलाच नव्हता. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तेवढे पुरते; चित्रकाराला मात्र भारच हवा असतो.

बसण्याने देह किती बदलतो, याचा पुरावा हाडांतच आहे. लाहोरच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्सने १८९३ च्या सुमारास पंजाबी माणसांच्या पायांची हाडे तपासली. नडगीच्या हाडाच्या खालच्या पुढच्या कडेवर आणि घोट्याच्या हाडाच्या मानेवर त्याला गुळगुळीत, सपाट जागा आढळल्या. युरोपीय हाडांत त्या सहसा नसत. उकिडवे बसताना ही दोन हाडे एकमेकांना टेकतात आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने तिथे जणू नवा सांधाच घडतो. तेव्हा ज्याला आपण ‘मानवी’ शरीररचना म्हणून प्रमाण मानतो, ती निदान गुडघ्याखाली तरी खुर्चीत वाढलेल्या माणसाची आहे.

मांडीवरचा सार्टोरियस हा स्नायूही असाच. कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून तो तिरका उतरतो आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला पोचतो. शरीरातला हा सर्वांत लांब स्नायू. त्याचे नाव लॅटिनमधल्या शिंपी या शब्दावरून आले, कारण मांडी घालून बसणारा माणूस म्हणजे तिकडे शिंपी! नावात मांडी शिल्लक राहिली. चित्रांत मात्र हा स्नायू बहुतेक वेळा उभ्या माणसाच्या सरळ पायावरच दाखवतात. पाय दुमडल्यावर तो आखडून कुठे उठतो, कुठे दिसेनासा होतो, हे विद्यार्थ्याने ताडायचे.

त्याचे परिणाम वार्षिक प्रदर्शनांतून दिसतात. उभी आकृती बिनचूक असते. बसलेली बाई मात्र जमिनीपासून दोन बोटे वर तरंगते. गुडघा पूर्ण दुमडला की वाटी खोबणीत आत जाते आणि गुडघा रुंद, चौकोनी दिसतो. चित्रात तो गोलच राहतो. उकिडव्या माणसाची पोटरी मांडीखाली दबून बाजूला फुगायला हवी, तीही फुगत नाही. मोबाइलवरच्या त्रिमितीय पुतळ्यांनी यात भरच घातली आहे, कारण त्यांतल्या बऱ्याच पुतळ्यांत पोटरी सरळ मांडीच्या आत घुसते. फोनने जवळून काढलेला फोटो तर पुढचा गुडघा डोक्याएवढा करतो. फोटोच घ्यायचा तर दहा-बारा फूट मागे सरून झूम वापरावा.

मग आपल्याकडे काय आहे? मराठीत दत्तात्रय चिंतामण मजुमदार यांचा दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ आहे. जिवंत, ताणलेला, भार झेलणारा देह पाहण्यासाठी त्याच्याकडे चित्रकारांनी वळायला हवे होते. मर्यादा उघड आहे. तो कमावलेला देह आहे, आणि मुख्यतः पुरुषाचा. म्हात्र्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’त वस्त्राखालची स्त्री आहे, पण ती उभी. मला सर्वांत उपयोगी वाटतात ते धुरंधर. एस. एम. एडवर्ड्‌सच्या १९१२ च्या ‘बाय-वेज ऑफ बॉम्बे’साठी किंवा किंकेडच्या गोष्टींसाठी काढलेल्या त्यांच्या चित्रांत स्नायू मोजून दाखवलेले नाहीत. पण बसलेला माणूस बसलेला असतो. नेसणीच्या चुण्या भार कुठे आला ते सांगतात. शरीररचना म्हणून कुणी ती चित्रे अभ्यासाला लावत नाही, हा आपला करंटेपणा.

पुण्यात याहून जवळचा संदर्भ आहे. महात्मा फुले मंडईत दिवसभर बैठक न मोडणाऱ्या विक्रेत्या बायका आहेत. कसब्यातल्या तांबट आळीत जमिनीवर बसून भांडे ठोकणारा कारागीर आहे. त्याच्या खांद्याची हालचाल बैठकीच्या हाडांपासून कशी सुरू होते, ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. आयुष्यभर मांडी घातलेल्या म्हाताऱ्यांच्या बाहेरच्या घोट्यावर पडलेला घट्टाही तसाच. लाइफ क्लासच्या चौथऱ्यावर स्टूल न ठेवता सतरंजी अंथरली आणि अशा माणसांना बोलावले, तर निम्मे काम होईल. मात्र विचारून बोलवावे, आणि बुडालेल्या धंद्याचे पैसे द्यावेत. मंडईत मोबाइल रोखून चोरटे फोटो काढणे हा अभ्यास नव्हे.

हे लवकर करायला हवे. साठीच्या पुढे गेलेल्या कुणालाही डॉक्टर आता जमिनीवर बसू नका म्हणून सांगतात, ते त्यांच्या जागी बरोबरच आहे. नवीन घरांत कमोड आहे, जेवायला टेबल आहे. दहा मिनिटे टाचा न उचलता उकिडवे बसून दाखवा, असे पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगून पाहावे. अर्धा वर्ग मागे कलंडतो. उरलेल्यांना तिथेच तसेच बसवून बाकीच्यांनी रेखाटायला घ्यावे.