‘स्मृतिचित्रें’ आणि श्रद्धेचें बळ

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ ते १९३७ या काळांत चार भागांत प्रसिद्ध झालीं. त्यांतील विनोदाची वाखाणणी पुष्कळ झाली. त्याचें मूळ शोधण्याचे कष्ट मात्र थोड्यांनींच घेतले.

१८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि बाईंच्या संसारावर आकाश कोसळलें. पतीचा वियोग, लोकांचीं बोलणीं आणि पदरीं लहान मूल, अशा स्थितींत कांहीं वर्षें काढल्यावर १९०० सालीं त्यांनींही बाप्तिस्मा घेतला. एवढें स्थित्यंतर सांगतांना त्या धर्मतत्त्वांची चर्चा जवळजवळ करीतच नाहींत. श्रद्धेच्या अंतरंगाचा इतिहास शोधणाऱ्या वाचकास ही उणीव भासेल, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांची श्रद्धा आचरणांतून बोलते. जातिभेद देवानें केलेला नव्हे, हें मनाला पटतांच पूर्वीं निषिद्ध मानलेल्या हातचें पाणी त्या पितात. त्यांचें नवें जीवन बाप्तिस्म्याच्या आधींच तेथें सुरू होतें.

१९१९ सालीं टिळक वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’, शाळेचें शिक्षण न मिळालेल्या या बाईंनीं ६४ अध्यायांची भर घालून पुढें नेलें.

श्रद्धा म्हणजे दुःखाचा विसर, असें मानणारांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. बाई कोणतेंही दुःख विसरलेल्या नाहींत. देवाच्या भरंवशावर त्या उद्यांच्या कामास लागतात, आणि त्याच भरंवशावर त्यांना स्वतःला हंसतां येतें. संकटांत आशा म्हणतात ती हीच, असें आम्हांस वाटतें.