ठाण्यातील पंधरा घरे आणि आपला स्थानिक इतिहास

अंगारकीच्या दिवशी टिटवाळ्याच्या फलाटावर उतरण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही, आम्ही केले. निमित्त महागणपतीचे नव्हते. कल्याण परिसरातील काही इतिहासप्रेमी मंडळींनी टिटवाळ्याची 'वारसा फेरी' योजिली होती आणि आमच्या धर्मग्रामातील पाचसहा जणांनाही अगत्याचे निमंत्रण होते. गर्दीतून वाट काढीत आम्ही तळ्याकाठी पोहोचलो. तेथे एका उत्साही तरुणाने हातातील कागदावरून गावाचा इतिहास सांगितला. येथे कण्व मुनींचा आश्रम होता, शकुंतलेने येथे गणपतीची स्थापना केली, पुढे देऊळ तळ्याच्या गाळात गडप झाले, थोरल्या माधवराव पेशव्यांच्या कारकिर्दीत गाळ उपसताना मूर्ती सापडली आणि नवे देऊळ उभे राहिले. एवढे सांगून इतिहास संपला. माधवरावांची कारकीर्द १७६१ ते १७७२ अशी अवघी अकरा वर्षांची. त्यानंतर टिटवाळ्यात जणू काही घडलेच नाही!

या मंडळींचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. सुटीचा दिवस आणि पदरचे पैसे खर्चून ती हे काम करतात. परंतु आपल्याकडील स्थानिक इतिहास-मंडळांच्या कार्याचे कौतुक पुष्कळ होते, चिकित्सा मात्र होत नाही, आणि चिकित्सेवाचून केलेले कौतुक त्या कार्यालाच अपुरे पडते असे आम्हांस वाटते.

प्रथम जमेची बाजू पाहू. ठाणे जिल्ह्याला ज्ञानसंस्थांची परंपरा जुनी आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९३ मध्ये काढले. पुण्यात राजवाडे आदींनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिले ते १९१० साली, म्हणजे त्याही नंतर. अलीकडच्या काळात ठाण्यात केंद्र असलेल्या कोकण इतिहास परिषदेने अधिवेशने भरवून, निबंधवाचने घडवून प्राध्यापकांच्या बरोबरीने हौशी अभ्यासकालाही व्यासपीठ दिले. परिषदेचे धुरीण दिवंगत डॉ. दाऊद दळवी यांनी 'लेणी महाराष्ट्राची' लिहिले, 'असे घडले ठाणे' लिहिले. एक मुसलमान प्राध्यापक बौद्ध व ब्राह्मणी लेण्यांवर मराठीत आत्मीयतेने ग्रंथ लिहितो, ही या जिल्ह्याची मिरवावी अशी गोष्ट आहे. परिषदेचेच श्री. सदाशिव टेटविलकर यांनी वीरगळांचा ध्यास घेतला. गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला, कधी धुण्याचा दगड झालेला वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या कोणा गावकऱ्याचे स्मारक असते, हे सामान्य वाचकाला कळले ते अशा लेखनामुळे. बोरिवलीजवळच्या एकसरचे वीरगळ नौकायुद्धाचे देखावे दाखवितात. शिलाहारांच्या आरमाराचे इतके बोलके चित्र एखाद्या पोथीत मिळणे कठीण.

मग उणे काय? उणे असे की एखादी गोष्ट पाहणे आणि ती तपासणे यांतील अंतर आपल्या मंडळांना अद्याप नीट उमगलेले नाही. टिटवाळ्याचेच पाहा. महाभारतातील कण्वाश्रम मालिनी नदीच्या तीरी आहे, आणि ती नदी अभ्यासक हिमालयाच्या पायथ्याशी दाखवितात. टिटवाळ्याला आहे ती काळू. तेव्हा शकुंतला येथे आली होती की नाही हा प्रश्न इतिहासाचा नव्हेच. काळूकाठच्या लोकांना ती येथे यावी असे केव्हा व का वाटू लागले, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे आणि भलताच रंजक आहे. तो कोणी विचारीत नाही. आख्यायिकेला सनावळीच्या रांगेत बसविले की तिची गोडीही जाते आणि सनावळीची विश्वासार्हताही.

वाचकहो, हे लिहिताना आमच्या मनात खोटा अहंभाव नाही, कारण आपल्या घरीही मातीच्याच चुली आहेत. प्रेषित बार्थोलोम्यू कल्याण बंदरात उतरले आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजाचे मूळ तेथे आहे, असे आपण सणाच्या भाषणांतून किती सहज सांगतो! या मताला विद्वानांचा आधार आहे. फादर पेरुमालिल यांनी ते हिरिरीने मांडले. परंतु आधार आणि सिद्धता यांत फरक असतो. चौथ्या शतकातील युसेबियस एवढेच सांगतो की पँटिनस 'इंडिया'त गेला तेव्हा बार्थोलोम्यूने मागे ठेवलेले मत्तयाचे शुभवर्तमान त्याला तेथे आढळले. 'इंडिया' म्हणजे नेमका कोणता प्रदेश, तेथूनच वादाला सुरुवात होते. यापेक्षा भक्कम पुरावा सहाव्या शतकातील कॉस्मस या व्यापारी प्रवाशाचा आहे. 'कल्लियाना' येथे ख्रिस्ती लोक आहेत व त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो, असे तो लिहितो. हे आपलेच कल्याण असे बहुतेक मानतात, काहींना ते दुसरीकडचे वाटते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत, तेव्हा कल्याण हे नांदते शहर होते यात शंका नाही. एवढ्यावर समाधान मानण्यात कमीपणा कसला? पण आपल्याला प्रेषितच हवा असतो, जसा टिटवाळ्याला मुनी हवा असतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळू.

१३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना मरण आले. तोलेंतिनोचे थॉमस, पाडुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दुभाषे बंधू दिमित्री. 'ठाण्याचे हुतात्मे' म्हणून त्यांची कथा आपणां सर्वांना ठाऊक आहे. डॉमिनिकन बंधू जॉर्डन त्या वेळी पुढे गेले होते. वार्ता कळताच त्यांनी परत येऊन त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा फ्रान्सिस्कन प्रवासी आला, अस्थी घेऊन चीनकडे गेला आणि १३३० मध्ये मायदेशी त्याने सारा वृत्तान्त लिहवून ठेवला. ठाण्यात मांजरांना न जुमानणारे, कुत्र्याएवढे उंदीर आहेत असेही तो सांगतो. ठाणेकर वाचकाला त्यातली घूस ओळखण्यास वेळ लागणार नाही, आणि जो मनुष्य घूस पाहून ठेवतो त्याच्या इतर निरीक्षणांवरही थोडा विश्वास टाकावासा वाटतो.

याच ओदोरिकने एक वाक्य सहज जाता जाता टाकले आहे. ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती आणि धर्मबंधू त्यांतील एका घरी उतरले होते. त्या घरात नवराबायकोचे भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. ती काजीकडे दाद मागावयास गेली. साक्षीदार कोण, असे काजीने विचारले, तेव्हा तिने घरी उतरलेल्या पाहुण्यांचे नाव घेतले. पाहुणे काजीसमोर आले, बोलण्यातून धर्माची चर्चा निघाली, ती विकोपाला गेली आणि पुढचा भयंकर प्रसंग ओढवला.

गेली कित्येक वर्षे ही कथा प्रवचनांतून व पुस्तिकांतून सांगितली जाते आहे, आणि ती स्त्री दर वेळी कथेतून वगळली जाते. आम्हीही ती मूळ वृत्तान्तात प्रथम वाचली तेव्हा चमकलो. चौदाव्या शतकातील ठाण्यात मार खाल्लेली एक ख्रिस्ती गृहिणी मुसलमान काजीकडे न्याय मागू शकत होती आणि काजी तिचे ऐकून साक्ष बोलावीत होता! एवढ्या एका घटनेत त्या शहराचे जितके दर्शन घडते तितके दहा किल्ल्यांच्या लांबीरुंदीतून घडत नाही. ती पंधरा घरे कोणाची होती? कोणती भाषा बोलत होती? पर्शियातून आलेले व्यापारी की येथेच वाढलेली कुटुंबे? दोन शतकांनी पोर्तुगीज आले तेव्हा त्यांतले कोणी उरले होते का? हुतात्म्यांच्या तेजाने आपले डोळे इतके दिपले की शेजारची पंधरा घरे आपल्याला दिसलीच नाहीत. शिवाय ही कथा 'मुसलमान विरुद्ध ख्रिस्ती' अशा सरळ चौकटीत बसविणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, ओदोरिकच्याच सांगण्यानुसार, हत्या करविणाऱ्या अधिकाऱ्याला दिल्लीच्या सुलतानाने देहान्त शिक्षा दिली.

स्थानिक इतिहास-मंडळाचे खरे काम अशी पंधरा घरे शोधण्याचे आहे असे आमचे मत आहे. राजवाड्यांना ते कळले होते. १९२४ मध्ये त्यांनी 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध केली ती राजेरजवाड्यांच्या हौसेने नव्हे. उत्तर कोकणात कोण कोठून आले, कोणत्या कुळाला कोणते गाव मिळाले, हे त्या बखरीत आहे म्हणून. वसईकडील आपल्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज ज्या समाजांतून आले त्यांचा मागमूस तीत लागतो. पण बखर वाचावी लागते, आणि वाचण्याचा कंटाळा असला की १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर हाताशी असतेच. कॅम्बेलच्या देखरेखीखालील ते काम प्रचंड आहे, त्याला पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांचे साह्य होते. ज्या वर्षी ते छापले गेले त्याच वर्षी भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. तथापि गॅझेटियर हा परक्या सरकारने कारभारासाठी करून घेतलेला ग्रंथ आहे. त्यातील उतारा भाषांतरित करून खाली आपली सही करणे याला संशोधन म्हणत नाहीत. आम्ही पाहिलेल्या स्मरणिकांपैकी निम्म्यांत याहून निराळे काही नव्हते.

घंटांचे उदाहरण बोलके आहे. चिमाजी आप्पांच्या सैन्याने १७३९ मध्ये वसई जिंकली, त्यानंतर तेथील चर्चच्या घंटा महाराष्ट्रभर देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हे साल आहे, भीमाशंकरच्या घंटेवर १७२९. एक पक्ष ही विजयाची निशाणी म्हणून दाखवितो; आपल्यापैकी काहींच्या तोंडून ती लुटीची खूण म्हणून ऐकू येते. घंटेवरची अक्षरे मात्र फारच थोडे लोक वाचतात. कोणत्या चर्चसाठी, कोणी ओतविली, वजन किती, नाद कसा, हे नोंदविले तर घंटा दोन्ही पक्षांची होईल. बरे, ज्या भक्ताने ती अडीचशेहून अधिक वर्षे वाजविली, तोही तिच्या इतिहासाचा भाग नाही काय?

दुसऱ्यांना इतके सुनावल्यावर आपल्या कपाटाचेही दार उघडणे भाग आहे. या जिल्ह्यातील एका जुन्या धर्मग्रामात (नाव सांगत नाही, कारण स्थिती अन्यत्रही वेगळी नसावी) आम्ही बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवह्या पाहण्यास गेलो होतो. वह्या होत्या. पण पावसाळ्याची ओल आणि वाळवी यांनी त्यांचे जे केले होते ते पाहून बोलवेना. पाने उलटताना बोटांना भुकटी लागत होती. दफनभूमीतील काही जुन्या शिळा पायवाटेला घातलेल्या होत्या, अक्षरे वरच्या बाजूला, पावलांनी झिजत. कोणाला वाईट वाटत होते असेही नाही. नवीन वेदीसाठी मात्र त्याच आठवड्यात वर्गणी जमत होती. ज्या समाजाला चौदाव्या शतकातील पंधरा घरे हरविल्याचे दुःख नाही, त्याला एकोणिसाव्या शतकातील पंधराशे नावे हरविल्याचे तरी कोठून असणार? इतिहास-मंडळांनी आपल्या वह्यांकडे दुर्लक्ष केले अशी तक्रार आपण करतो, पण त्यांनी मागितल्या असत्या तर आपण काय दाखविले असते?

टिटवाळ्याला आता अनेक ख्रिस्ती कुटुंबे आहेत. मुंबईतील जागा परवडेनाशा झाल्या तशी ती येथे आली. त्यांना वाटते, आपला या गावाशी संबंध तो काय! वस्तुतः १ ऑक्टोबर १८५५ रोजी कल्याणहून वासिंदपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि या पट्ट्याचा नवा इतिहास सुरू झाला. शहाडचे सेंच्युरी रेयॉन, मोहन्याचे एनआरसी, त्यांच्या चाळी, भोंगे, पाळ्या, संप यांवर या भागातील पिढ्या जगल्या. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. त्याची वारसा फेरी कोणी काढलेली नाही.

त्या दिवशी फेरी आटोपल्यावर आम्ही मांड्याच्या बाजूला आमच्या ओळखीच्या एका वृद्ध बाईंकडे चहाला गेलो. इतिहासाचा विषय निघाला तेव्हा त्या हसल्या. "आमचा कसला इतिहास, बाबा? आम्ही कामापाठी आलेली माणसं." मग थोड्या वेळाने उठून त्यांनी फडताळातून एक पत्र्याचा डबा काढला. त्यात यजमानांचा कारखान्याचा बिल्ला होता, मोहन्याच्या पत्त्याची शिधापत्रिका होती, चाळीत नाताळला उभारलेल्या गोठ्याचा एक धूसर फोटो होता आणि वहीच्या कागदावर चाळीतील ख्रिस्ती कुटुंबांची नावे, खोली क्रमांकासह, रोझरीच्या वर्गणीसाठी लिहिलेली. आम्ही ती मोजली. बावीस होती. ती यादी उतरवून घेण्यासाठी आम्ही कागद मागितला, तेव्हा बाईंनी नातवाच्या वहीचे मधले पान फाडून दिले.