'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणजे नेमके काय वाढवा?

मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदी लागून जेमतेम आठवडा झाला असेल, तेव्हा केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने एक छोटेसे पत्रक काढले. कोविडच्या संकटात स्वतःची काळजी घेण्यासाठी आयुर्वेदातील प्रतिकारशक्तिवर्धक उपाय, असा त्याचा विषय. पनवेलमध्ये ते आमच्या इमारतीच्या जिन्यापाशी चिकटवलेले होते, वाण्याच्या दुकानात होते आणि पुढे शाळा उघडल्यावर एका शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूंनी उतरवलेलेही आम्ही पाहिले. पनवेलला आयुर्वेद नवा नाही. 'श्री धूतपापेश्वर' हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ साली इथेच सुरू झाला. काढा म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागले नाही.

ते पत्रक आम्ही पुन्हा बाहेर काढले ते एका शिक्षकमित्रामुळे. साथीच्या दिवसांत मुलांकडून 'चांगल्या सवयीं'चा तक्ता करून घेतात. त्यात या पत्रकातले काय ठेवावे आणि काय गाळावे, असे त्यांनी विचारले. प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना आमचीच पंचाईत झाली.

पत्रकावर अन्याय होऊ नये म्हणून आधी त्यात काय आहे ते सांगू. दिवसभर कोमट पाणी प्यावे, रोज अर्धा तास योगासने, प्राणायाम व ध्यान करावे, स्वयंपाकात हळद, जिरे, धने, लसूण वापरावी, सकाळी चमचाभर च्यवनप्राश खावा, तुळस-दालचिनी-मिरी-सुंठ-मनुकांचा काढा आणि हळदीचे दूध घ्यावे, नाकपुडीला तेल किंवा तूप लावावे. हा कोविडवरचा उपचार असल्याचा आमचा दावा नाही, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. ही सावधगिरी प्रामाणिकच म्हणायची. पण फळ्यावर उतरताना नेमके तेच वाक्य गळले होते.

आमचा आक्षेप हळदीला नाही, 'वाढवा' या क्रियापदाला आहे. टाकीतले पाणी वाढावे तशी प्रतिकारशक्ती वाढते, अशी कल्पना त्यातून मुलांच्या मनात बसते. प्रत्यक्षात ती एकाच मापाने मोजता येणारी राशी नाही. कातडी आणि श्लेष्मल पडदा हा एक भाग, कोणत्याही परक्या जंतूवर तुटून पडणाऱ्या पेशी हा दुसरा, आणि विशिष्ट जंतू ओळखून प्रतिपिंडे बनवणाऱ्या व त्याची आठवण ठेवणाऱ्या पेशी हा तिसरा. यांतले काय, कधी आणि किती वाढायला हवे? परागकणांनी शिंका येतात किंवा संधिवाताने सांधे सुजतात, तेव्हा हीच यंत्रणा नको तिथे किंवा नको तेवढी काम करत असते.

कोविडनेच याचा मोठा धडा दिला. गंभीर रुग्णांच्या फुप्फुसांची हानी बऱ्याच अंशी शरीराच्या स्वतःच्या अनावर प्रतिक्रियेने होत होती. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीचा निष्कर्ष आला. डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, आणि ज्यांना प्राणवायूचीही गरज नव्हती त्यांना काहीच फायदा झाला नाही. हे औषध प्रतिकारयंत्रणेला *दाबते*. घरोघर ती 'वाढवण्या'साठी पातेली उकळत असताना रुग्णालयात ती आवरून माणसे वाचवली जात होती! हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गात जरूर सांगावे.

मग सवयींचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण पुरावा सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेत १६४ निरोगी स्वयंसेवकांची आठवडाभराची झोप मनगटावरच्या उपकरणाने मोजून मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सुमारे चौपट आढळली. आयुष मंत्रालयाच्या त्या पत्रकात झोपेला जागा नाही. नाकातल्या तुपाला आहे. 'क' जीवनसत्त्वाचे म्हणाल तर सर्वसामान्य माणसांनी ते रोज घेतल्याने सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात आजाराचा काळ मोठ्यांमध्ये सुमारे ८ टक्के आणि मुलांमध्ये १४ टक्के कमी झालेला दिसला. आवळा आवडीने खावा, कवच म्हणून नव्हे.

'नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?' असा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. या पत्रकात गुळवेल नव्हती, पण त्याच हवेत ती घरोघर पोचली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. ते खरे मानले तरी पालकांना सांगायची गोष्ट बदलत नाही: बाजारातली काडी कुठली, हे त्यांना ओळखता येत नाही.

पोषणाकडे मात्र आपण फारच घाईने पाहतो. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातील माणसांना जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. क्षय विषाणूचा नव्हे, जिवाणूचा रोग, हे मान्य. परंतु प्रथिने आणि उष्मांक पोटात पडले की प्रतिकारयंत्रणा काय करू शकते, याचा याहून ठसठशीत पुरावा आम्हांला ठाऊक नाही. पनवेल तालुक्यातल्या कातकरी वाडीवरच्या मुलाला आधी पोटभर डाळभात हवा. च्यवनप्राशाची पाळी त्यानंतर. आणि एका ठरावीक विषाणूची ओळख शरीराला आधीच करून देण्याचे काम करते लस; भारतात कोविडची लस द्यायला १६ जानेवारी २०२१ रोजी सुरुवात झाली.

आणखी एक गोष्ट आम्हांला अधिक खुपते. प्रतिकारशक्ती सवयींनी कमावता येते असे एकदा ठरले की आजारी पडणारा आपोआप दोषी ठरतो. आमच्याच इमारतीत बाधा झालेल्या एका गृहस्थांबद्दल 'काढा घेत नसतील' असे शेजारी म्हणाले. ते बिचारे रोज लोकलने कामावर जात होते. त्यांच्या फुप्फुसात किती विषाणू शिरले हे डब्यातल्या गर्दीवर आणि हवेवर ठरले, सुंठीवर नव्हे.

शेवटी तक्ता तयार झाला. वर्गाच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणे, ताप असताना शाळेत न येणे, खोकताना तोंड झाकणे, साबणाने हात धुणे, लसीची तारीख पाहणे, पुरेसे खाणे, खेळणे आणि झोपणे. हळदीचे दूध 'आवडत असल्यास' असे लिहून खाली ठेवले. झोपेच्या ओळीपाशी मात्र सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. त्यांच्याकडे नळाला पाणी पहाटे चारला येते आणि भरायचे काम तिचे असते. तिने किती वाजता झोपायचे, असे तिने विचारले. शिक्षकमित्राने तो प्रश्न आमच्याकडे पाठवला आहे.