उत्कंठेचे पुढे काय होते?

नारायण धारपांची भयकथा आणि जी. ए. कुलकर्णींची 'काजळमाया' यांचा विचार मराठी समीक्षा एका लेखात सहसा करत नाही. वाचक मात्र दोन्ही पुस्तके एकाच आठवड्यात वाचतो, आणि दोन्ही वाचताना त्याला भीती वाटते. यातल्या एका भीतीला आपण करमणूक म्हणतो आणि दुसरीला अस्तित्वाचे भान. हा फरक खोटा आहे असे मला म्हणायचे नाही, तो खराच आहे. पण तो कुठे पडतो हे आपण नीट पाहिलेले नाही. मराठी कथासाहित्याची गंभीर आणि लोकप्रिय अशी वाटणी करताना पुस्तकांच्या नावाखाली आपण वाचकाच्या प्रतिक्रियांचीच वाटणी करून टाकली आहे. उत्कंठा, भय, नवल, हसू हे सगळे एका बाजूला, आणि विषण्णता, अस्वस्थता, चिंतन दुसऱ्या बाजूला. मग पुढचे पान उलटायची घाई झाली की वाचकाला अपराधी वाटते आणि कंटाळा आला की आपण काही मोलाचे वाचतो आहोत असे वाटू लागते. निरनिराळ्या प्रकारच्या कथा-कादंबऱ्या शेजारी ठेवून वाचल्या तर ही वाटणी टिकत नाही. कलाकृती कोणती प्रतिक्रिया उठवते यावरून तिची जात ठरत नसते. उठवलेल्या प्रतिक्रियेचे ती पुढे काय करते, हे पाहावे लागते.

याचा पहिला मोठा पुरावा मराठी कादंबरीच्या आरंभीच्या काळातच आहे. भालचंद्र नेमाड्यांनी 'यमुनापर्यटन' (1857), 'मुक्तामाला' (1861) आणि 'मोचनगड' (1871) या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या. ही मांडणी मोलाची आहे, कारण लेखक भोवतालच्या वास्तवाशी कसा वागतो हे तिने स्पष्ट केले. पण ती लेखकापाशी थांबते आणि नंतरच्यांच्या हातात तर ती नुसती उतरंड होऊन बसली: वास्तव वर, रंजन खाली. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' या उतरंडीत बसवून पाहा. विधवेच्या वाट्याला येणारे जिणे, केशवपनाची जबरदस्ती, घरातल्या पुरुषांची सत्ता हा त्या काळातला सगळ्यात जड विषय. तो 1890 पासून क्रमशः छापला गेला तो 'करमणूक' नावाच्या पत्रात. पुढे काय झाले असेल ही हप्त्याहप्त्याची ओढ हाच कादंबरीच्या नायिकेपर्यंत, यमूपर्यंत, पोचण्याचा रस्ता होता. यमू स्वतः बोलते, तिच्या लहानपणीच्या साध्या, गमतीच्या आठवणींनी ती आपल्याला घरात घेते, आणि एकदा घरात आलेल्या वाचकाला मग बाहेर पडता येत नाही. उत्कंठेने आत आलेला वाचक साक्षीदार होतो, आणि शीर्षकातला प्रश्न त्यालाच विचारलेला असतो. ओढ आणि गांभीर्य इथे इतके एकजीव आहेत की रंजन काढून घेतले तर त्याबरोबर कादंबरीचा आरोपही जाईल.

'मृत्युंजय' (1967) वाचतानाही अनुकंपा उसळते, आणि ती खोटी नसते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण अशा सहा तोंडांतून कथा सांगण्याची शिवाजी सावंतांची कल्पना मोठी होती. सहा जण बोलणार म्हणजे एकाचे सत्य दुसऱ्याच्या सत्यावर घासले जाणार, अशी अपेक्षा वाचक धरतो. पण सहाही जण एकाच अलंकृत, ओथंबलेल्या भाषेत बोलतात आणि बहुतेक वेळा कर्णाच्या थोरवीकडेच येऊन पोचतात. कुंतीचे तिच्या मुलाबद्दलचे बोलणे आणि दुर्योधनाचे मित्राबद्दलचे बोलणे यांची वाक्यरचनासुद्धा वेगळी होत नाही. त्यामुळे पहिल्या शंभर पानांत जी करुणा जागते तीच शेवटपर्यंत वाढत्या आवाजात चालू राहते; तिला कुणी आव्हान देत नाही. वाचक भरून येतो, पण जसा आत गेला तसाच बाहेर पडतो. पुस्तक लोकप्रिय आहे म्हणून ही उणीव मी दाखवत नाही. सहा निवेदकांनी दिलेले वचन भाषेने पाळले नाही, ही तक्रार आहे, आणि ती पानावर बोट ठेवून दाखवता येते.

याउलट 'धग' (1960). उद्धव शेळक्यांची कौतिक हालअपेष्टांत तसूभरही कमी नाही. नवरा महादेव कर्तृत्वशून्य, पुढे त्याला महारोग, पोरांची पोटे. रडू आणण्याचे सगळे साहित्य हाताशी आहे. पण वाचताना डोळे भरत नाहीत, धाप लागते. एक दुःख पुरते अनुभवायच्या आधी कौतिकला दुसरे काम असते, आणि शेळक्यांचे निवेदन तिच्याच वेगाने चालते. वऱ्हाडी संवाद तोकडे, कामापुरते असतात. अनुकंपा दाखवायला फुरसत न मिळणे हाच इथला अनुभव आहे, आणि त्यातून कळते की अनुकंपा हीसुद्धा फुरसत असलेल्या माणसाची चैन असते. एकच भावना एका लेखकाने पिकवून खर्चून टाकली, दुसऱ्याने अडवून धरली. माझ्या लेखी 'धग' मोठी आहे ती या अडवण्यामुळे. विषय दारिद्र्याचा आहे एवढ्यामुळे नव्हे. दारिद्र्यावरच्या कितीतरी मराठी कादंबऱ्या 'मृत्युंजय'सारख्याच भरून वाहतात आणि केवळ विषयाच्या जोरावर गंभीर म्हणवून घेतात.

आता भीतीकडे परत यायला हवे. धारपांचे खरे सामर्थ्य भुतात नाही, घरात आहे. ओळखीची माणसे, नेहमीची खोली, रोजचा व्यवहार, आणि त्यातले काहीतरी किंचित जागचे हलते. हे ते इतक्या शांत गद्यात करतात की त्यांच्या गद्याची दखल समीक्षेने घेतली नाही याचे वाईट वाटते. मात्र 'समर्थ' हे पात्र येणाऱ्या कथांमध्ये अनिष्ट बाहेरून आलेले असते आणि समर्थांच्या बळाने बाहेर जाते. भीतीचा हिशेब चुकता होतो, दार लावून झोपता येते. 'काजळमाया'त किंवा 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी'त भीती बाहेर घालवायला जागाच उरत नाही, कारण ती माणसाच्या निवडीत आणि नियतीच्या गुंत्यात असते. खानोलकरांच्या 'कोंडुरा'तही तेच. पण जी. एं.ची शेवटपर्यंत न सुटणारी भीती उभी राहते ती गोष्टीच्या जुन्याच साधनांवर: प्रवास, कोडे, शाप, अनोळखी नगर. गूढकथेची भूक नसलेला वाचक त्यांच्या चिंतनापर्यंत पोचणारच नाही. नवलाचेही असेच आहे. जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'मध्ये मूर्तीच्या सोंडेची दिशा बदलते आणि त्याचा खुलासा मोबियस पट्टीच्या भूमितीत मिळतो. तिथली माणसे पुसट आहेत हे मान्यच. पण नवलाचे बोट धरून वाचकाला तर्कापर्यंत चालवत नेणे हे काम ती कथा चोख करते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे: प्रतिक्रिया ज्याची त्याची असते, तिच्यावर समीक्षा कशी उभी राहणार? भाऊ पाध्यांच्या 'वासुनाका'ची (1965) भाषा काहींना अश्लील वाटली, आचार्य अत्र्यांनी तिच्यावर कडाडून टीका केली; दुसऱ्या वाचकांना त्याच भाषेत नाक्यावरची पोरे पहिल्यांदा खरी बोलताना ऐकू आली. कुणाची प्रतिक्रिया धरायची? माझे उत्तर असे की दोन्ही धरायच्या आणि दोन्हींचा माग पुस्तकात काढायचा. संतापलेला वाचक आणि सुखावलेला वाचक एकाच गोष्टीपाशी थांबले होते: निवेदक पोक्या कुठेही माफी मागत नाही आणि लेखक त्याच्या वतीने मागत नाही. म्हणजे मतभेद वाचकांच्या अभिरुचीत असला तरी त्याचे कारण संहितेत आहे आणि ते दाखवता येते. आपल्या काव्यशास्त्राने 'सहृदय' हा शब्द घडवला तो उगीच नाही. पण सहृदय म्हणजे ज्याला काहीतरी होते एवढाच नव्हे, आपल्याला का झाले हे जो शोधू शकतो तो. आपली बहुतेक परीक्षणे या शोधापाशी येतच नाहीत. कथानकाचा गोषवारा, विषयाचे महत्त्व, शेवटी स्वागत, एवढ्यात ती आटोपतात.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. उत्कंठा आणि हसू यांना असे घरात घेतले तर बाजाराचेच राज्य येईल, खपते ते चांगले ठरेल. 'कोसला' (1963) याला पुरेसे उत्तर देते. पांडुरंग सांगवीकरच्या वसतिगृहातल्या उपद्व्यापांवर वाचक खळखळून हसतो, आणि त्या हसण्यात तो नकळत पांडुरंगची बोलण्याची लय उचलतो. मनी, धाकटी बहीण, जाते तेव्हा तीच लय मोडते. दुसऱ्या कुणी गंभीर आवाजात हे मरण सांगितले असते तर वाचकाने सावरून घेतले असते. इथे त्याच्या हातात फक्त हसण्याची भाषा उरलेली असते आणि ती पुरत नाही. हसू हे या दुःखाचे भांडवल आहे. बाजारू विनोद हसवून मोकळा होतो, हा फरक खपाच्या आकड्यांत कधीच दिसणार नाही.

गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या लेखनाने ही वाटणी आपल्यापुरती मोडून टाकली आहे. जयंत पवारांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मधल्या कथा 1982 च्या गिरणी संपानंतर विझत गेलेल्या गिरणगावाबद्दल आख्यायिकेच्या, वदंतेच्या, गोष्टीवेल्हाळ सुरात बोलतात, आणि तो सूर नसता तर ती पडझड अहवालासारखी वाटली असती. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला 2023 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा विस्थापितांची कादंबरी म्हणून तिचा गौरव झाला, ते बरोबरच आहे. पण धरणामुळे उठलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस शोधायला निघालेला माणूस आणि रानटी झालेली ती म्हैस यांची ती कथा वाचताना पानोपानी जो श्वास अडकतो, तो थेट शिकारकथेतला आहे. फक्त शिकारकथेत आपण कुणाच्या बाजूने आहोत हे आधीच ठरलेले असते. इथे म्हैस वळून उभी राहते तेव्हा भीती माणसासाठी वाटते की तिच्यासाठी, हे वाचकाला ठरवता येत नाही.