‘मला’ आणि ‘आय’ : इंग्रजीच्या आरंभिक वाक्यपाठांचा तौलनिक विचार

तौलनिक साहित्याभ्यासात अनुवादाची चर्चा बहुधा थोर साहित्यकृतींपासून सुरू होते. भारतीय मुलाचा अनुवादाशी पहिला संबंध मात्र त्याआधी कितीतरी वर्षे, इंग्रजीच्या प्राथमिक पुस्तकातील चार-पाच शब्दांच्या वाक्यातून येतो. हे वाक्य शिक्षणशास्त्राच्या हवाली करून साहित्याभ्यासक मोकळे झाले आहेत.

मराठीत या वाक्याचे नाते ‘तर्खडकर भाषांतर पाठमाले’शी जोडलेले आहे. नियम, शब्दसंग्रह आणि मग दोन्ही दिशांनी भाषांतर, अशा पद्धतीने तिने अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्याची घडण शिकविली. ‘तर्खडकरी इंग्रजी’ या शब्दप्रयोगातील थट्टा अगदीच निराधार नाही. सरावाच्या वाक्याला वक्ता नसतो आणि श्रोताही नसतो. माळ्याची टोपी व राजाचा घोडा तेथे कारणावाचून शेजारी नांदतात. यूजीन आयनेस्को यांनी इंग्रजी शिकताना ‘आसिमिल’ मालिकेतील अशीच वाक्ये उतरवून काढली. आठवड्याचे दिवस सात, छत वर आणि जमीन खाली, ही निर्विवाद सत्ये त्यांना तेथे नव्याने भेटली आणि १९५० साली पॅरिसमध्ये ‘द बाल्ड सोप्रानो’ या नावाने इंग्रजीत ओळखले जाणारे त्यांचे नाटक रंगभूमीवर आले. परंतु आयनेस्को यांना जाणवलेली विसंगती आशयातील होती. मराठी मुलाला परकेपणा जाणवतो तो वाक्याच्या घडणीतच.

‘मला भूक लागली’ या वाक्यात भूक ही कर्ता आहे, क्रियापद तिच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आणि भुकेला सामोरी जाणारी व्यक्ती चतुर्थीत उभी असते. ‘आय ॲम हंग्री’ म्हणताना ‘मला’चा ‘आय’ होतो आणि भूक विशेषण होऊन मागे सरकते. तमिळ मूल ‘एनक्कु पसिक्किरदु’ म्हणते, तेथेही चतुर्थीच आहे. बंगाली मूल ‘आमार खिदे पेयेछे’ म्हणते, म्हणजे षष्ठी. भाषाकुले वेगळी असूनही तिघांनाही इंग्रजीच्या उंबरठ्यावर एकच वळण घ्यावे लागते. ‘हॅव’ या क्रियापदाची कथा याहून गुंतागुंतीची. मराठीत पुस्तक ‘माझ्याकडे’ असते, भाऊ ‘मला’ असतात आणि घराला खिडक्या असतात. इंग्रजी हे सारे एका क्रियापदात कोंबते. यावरून इंग्रजी ‘मी’ला स्वामी करते व भारतीय भाषा त्याला नम्र ठेवतात, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. ‘मी जेवतो’ म्हणणारे मूल तेच असते, आणि फ्रेंच माणसाला तर भूकही ‘हॅव’च्याच क्रियापदाने सांगावी लागते.

भाषांतरपद्धतीचा खरा दोष वेगळा आहे. इंग्रजी वाक्य सुलभ व्हावे म्हणून तिने मराठी वाक्य वाकविले. ‘एक मुलगा एका झाडाखाली उभा आहे’ या धर्तीच्या वाक्यातील दोन्ही ‘एक’ इंग्रजी उपपदासाठी खुंटी म्हणून ठोकलेले असतात. असे मराठी घरात कोणी बोलत नाही. दोन भाषा समोरासमोर आणणाऱ्या या सरावात एक भाषा केवळ शिडी म्हणून वापरली गेली, आणि ती आपली भाषा आहे हे मुलाला कळेनासे झाले.

या संदर्भात रवींद्रनाथ ठाकूर यांची इंग्रजी शिक्षणाची पुस्तके लक्षणीय ठरतात. ‘जीवनस्मृती’त त्यांनी प्यारीचरण सरकार यांच्या इंग्रजी पाठांनंतर लगेच हाती आलेल्या मॅककुलकच्या जड वाचनपुस्तकाची आठवण नोंदविली आहे. शांतिनिकेतनातील विद्यालयासाठी लिहिताना त्यांनी आरंभ कानापासून केला. ‘इंग्रेजि श्रुतिशिक्षा’ (१९०९) या पुस्तकात आज्ञा ऐकायची आणि तशी कृती करायची, असा क्रम आहे. येथे वाक्याला वक्ता मिळतो, श्रोताही मिळतो. त्यांनीच पुढे १९१७ मध्ये ‘अनुवादचर्चा’ सिद्ध केली. थेट पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनी मातृभाषेला वर्गाबाहेर काढले. रवींद्रनाथांनी तिला नंतरच्या टप्प्यावर, पूर्ण वाढीच्या गद्यासह, परत बोलाविले. तर्खडकरी परंपरेत आणि त्यांच्यात भेद आहे तो या क्रमाचा. भाषांतर दोघांकडेही आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. मातृभाषेची लिपीही पुरती न बसलेल्या मुलापुढे श्रवणाचाच मार्ग होता. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलांची बहुभाषिकता ही वर्गातील साधनसंपत्ती मानली. परंतु ती वापरायची तर दोन वाक्ये शेजारी ठेवण्याचा टप्पा कधीतरी यावाच लागतो. त्या वेळी पाठातील मराठी वाक्य बोलीतले हवे. ‘मला थंडी वाजते’ हे वाक्य तसेच दिले, तर ‘आय ॲम कोल्ड’ लिहिताना ते ‘वाजणे’ कुठे गेले, असे एखादे मूल विचारील. पाठमालेत त्या प्रश्नासाठी जागा ठेवलेली नव्हती.