आजीबाईंचा सल्ला आणि रमाबाईंचा नकार

पंडिता रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांचा इंग्रजी पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला व महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने तो १९७७ साली प्रसिद्ध केला. अभ्यासक त्याकडे बहुधा धर्मांतराचा पुरावा म्हणून पाहतात. मला तो एका अवघड मैत्रीचा दस्तऐवज वाटतो.

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. जेराल्डिन तेथील मठातल्या भगिनी. रमाबाई चेल्टनहॅमला शिकू-शिकवू लागल्यावर दोघींमधले अंतर पत्रांनी भरून निघू लागले, आणि वादही तिथूनच पेटले. त्रैक्याचा सिद्धांत रमाबाईंना पटेना. अंडे घातलेला पदार्थ त्या खाईनात. जेराल्डिनना त्यात जातीचा अहंकार दिसला. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, हा रमाबाईंचा आग्रह. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला तेव्हा हिंदुस्थानातले बिशप आडवे आले. ज्या बाईने स्वदेशात पुरुषांच्या सभा गाजवल्या, तिला हा सल्ला अपमानास्पद वाटला यात नवल ते काय?

या तंट्यात एक संबोधन मात्र टिकून राहते: ‘आजीबाई’. मनोरमेच्या नात्याने रमाबाई जेराल्डिनना असे म्हणत. लेकराच्या नात्याने वडीलधाऱ्यांना हाक मारणे ही आपल्या घरची रीत. माझ्या मते या एका शब्दाने मठाची उतरंड मोडली. मठातल्या वरिष्ठेपुढे मान तुकवावी लागते. आजीबाईशी भांडता येते. फैजपूरच्या कोणत्याही घरात आजीचा सल्ला पूर्ण ऐकून घेतात, आणि मग घराला जे हवे तेच करतात. रमाबाईंनी नेमके हेच केले. सद्सद्विवेक आपला आहे, तो कोणाच्या स्वाधीन करणार नाही, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांची पत्रे शेजारी ठेवली की फरक उमगतो. बीलना शंका हा विचाराचा भाग वाटतो, तर जेराल्डिनना तो हट्ट वाटतो. पण बील यांच्या समंजसपणामुळे जेराल्डिनना खलनायिका ठरवणे सोपे होते, आणि तो मोह टाळावा. त्यांची काळजी खरी होती. मात्र त्या काळजीला साम्राज्याचा आणि चर्चचा अधिकार चिकटलेला होता. पत्रांचे संकलन जेराल्डिननीच केले, हेही विसरता कामा नये. सल्ला देणारीच्या हातची ही मांडणी आहे. तरीही नाकारणारीचा आवाज तीत दबत नाही.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. दुष्काळातल्या मुलींची आई झालेली ही बाई आता स्वतःच मिशनरी होती. पत्रे तरीही थांबली नाहीत. सल्ला मानला म्हणून मैत्री टिकते, असा आपला समज असतो. येथे ती टिकली, कारण एकीने सल्ला देणे सोडले नाही आणि दुसरीने तो नाकारण्याचा हक्क सोडला नाही.