संग्रहालयात आधी पाटी वाचा

मागच्या रविवारी घर आवरताना आजीचा अडकित्ता सापडला. आम्ही खराडीत फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा गावच्या घरातून एक पत्र्याची ट्रंक सोबत आली होती. तिच्या तळाशी, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. मुठी पितळी, पातं लोखंडी आणि गंजलेलं. एका मुठीच्या टोकाला पोपट आहे, दुसऱ्या मुठीचा पोपट तुटलाय.

आईला विचारलं, हा कुठला गं? "आजीचा." आजीकडे कुठून आला? "तिच्या माहेरचा असेल. नाहीतर जत्रेत घेतला असेल."

आजीला जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे विषय संपला.

आता यात लाज वाटण्यासारखी गोष्ट अशी, की माझी पीएचडी नेमकी याच प्रश्नावर आहे. वस्तू संग्रहालयात आली कुठून, कुणाच्या हातातून, कशी? आजी रोज जेवण झाल्यावर माझ्यासमोर बसून सुपारी कातरायची. मी तेव्हा एम.ए.ला होते, जगभरच्या संग्रहालयांवरचे लेख वाचत होते. समोरच्या अडकित्त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

"तुझा विषय नक्की काय?" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास येतो. इंग्रजीत या भानगडीला प्रॉव्हेनन्स म्हणतात. मी सोपं करून सांगते: वस्तूची वंशावळ. त्यात चार प्रश्न येतात. कुणी बनवली? कुणी वापरली? मूळ मालकाच्या हातून कशी सुटली, म्हणजे विकली, दिली, चोरली की लुटली? आणि संग्रहालयात कुणी, कधी, काय देऊन आणली? बहुतेक पाट्यांवर यातलं एकही उत्तर नसतं. पाटीवर नाव असतं, धातू असतो, शतक असतं. आजच्या लेखात तीन ठिकाणच्या पाट्या वाचू. दोन पुण्यातल्या, एक लंडनहून साताऱ्यात आलेली.

सुरुवात अर्थातच बाजीराव रोडवरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून. पुण्यात पाहुणे आले की आपण शनिवारवाडा दाखवतो आणि त्यांना कंटाळा येतो. केळकर संग्रहालयात कंटाळा येत नाही, कारण तिथे राजेरजवाड्यांच्या तलवारींपेक्षा घरातल्या वस्तू जास्त आहेत. दिवे, दौती, फण्या, पाय घासायच्या वज्री, पानाचे डबे, स्वयंपाकाची भांडी, वाद्यं, खेळ, कोरीव दरवाजे. अडकित्त्यांचे प्रकार बघताना तर माणूस सुपारी विसरून जातो.

हे सगळं एका माणसाच्या नादातून उभं राहिलं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६. घरचं चष्म्यांचं दुकान, 'अज्ञातवासी' या नावाने कविता. साधारण १९२० पासून वस्तू जमवायला लागले, पत्नी कमलाबाईंच्या साथीने देशभर हिंडले. मुलगा राजा लहानपणीच गेला, संग्रहालयाला नाव त्याचं. १९६२ मध्ये संग्रहालय झालं, १९७५ मध्ये केळकरांनी सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू, त्यातल्या साधारण अडीच हजार मांडलेल्या. म्हणजे आठातली एक आपल्याला दिसते.

लंडन-पॅरिसची मोठी संग्रहालयं मुळात राजांची, सरदारांची आणि साम्राज्यांची कोठारं होती. तिथे मुकुट शिरतो, पोळपाट शिरत नाही. पुण्यातल्या एका दुकानदाराने शंभर वर्षांपूर्वी ठरवलं की फणी आणि वज्रीसुद्धा इतिहास आहे. हा निर्णय जागतिक दर्जाचा होता, हे मी अजिबात भारावून न जाता म्हणतेय.

आता तक्रार. तिथली मांडणी प्रकारानुसार आहे. अडकित्त्यांशेजारी अडकित्ते, दिव्यांशेजारी दिवे. ही पद्धत केळकरांचीच नाही. ऑक्सफर्डमध्ये १८८४ साली स्थापन झालेलं पिट रिव्हर्स संग्रहालय याच पद्धतीसाठी प्रसिद्ध आहे. तिथे जगभरची वाद्यं एका जागी, जगभरची हत्यारं एका जागी. या मांडणीचा फायदा डोळ्यांना होतो. एकाच कामाची वस्तू माणसाने किती तऱ्हांनी बनवली, ते एका नजरेत कळतं. तोटा असा, की प्रत्येक वस्तू आपल्या घरातून तुटते. अडकित्ता पानाच्या डब्याशेजारी नसतो, डबा बैठकीत नसतो, आणि बैठकीत कोण बसायचं, कोण दाराआडून ऐकायचं, हे तर कुठेच नसतं.

पाटी ही तूट भरून काढू शकली असती. पण पाटीवर येतं ते वस्तूचं नाव, कशाची बनलीये ते, प्रांत आणि शतक. 'एकोणिसावं शतक' म्हणजे शंभर वर्षं! पेशवाईपासून टिळकांपर्यंत सगळं त्यात बसतं. ती वज्री कुठल्या वाड्यातल्या बाईची होती? वाडा विकताना निघाली, की मोडीच्या दुकानात आली होती? ज्या सोनाराने, तांबटाने बनवली त्याचं गाव कोणतं? केळकरांनी ती कितीला घेतली? समोर उभं राहून नुसतं "काय सुंदर आहे!" म्हणायचं आणि पुढे सरकायचं, एवढंच आपल्या हातात उरतं.

तिथेच मस्तानी महाल आहे. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी तो पुन्हा उभा केला. इथे मात्र आपण थांबतो, हळू बोलतो. कारण इथे वस्तूला माणूस आहे, जागा आहे, हलवण्याची कहाणी आहे. छतात आणि खांबांत जे आहे त्याहून जास्त आपण त्या माहितीकडे बघत असतो. मग हाच मान अडकित्त्याला का नाही?

आता दुसरं ठिकाण. खराडीहून नगर रोडने येरवड्याकडे गेलं की डेक्कन कॉलेज लागतं. तिथलं पुरातत्त्व संग्रहालय फार लोकांना माहीत नाही. सौंदर्याच्या स्पर्धेत ते केळकरांपुढे टिकणार नाही. खापरं, हाडं, दगडी पाती. पण याच खापरांनी मला माझा विषय शिकवला.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं उत्खननं केली. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. तिथे एक मातीचा रांजण मिळाला, चार पायांचा, पोट फुगलेलं. नुसता काचेत ठेवला तर आपण म्हणू, विचित्र भांडं आहे, आणि पुढे जाऊ.

पण उत्खननात प्रत्येक वस्तूची जागा लिहून ठेवतात. कुठल्या थरात, कुठल्या घरात, शेजारी काय. त्यामुळे आपल्याला कळतं की या रांजणात एक माणूस मांडी घालून बसवलेल्या अवस्थेत पुरलेला होता. कळतं की तो रांजण पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात होता, ते घर वस्तीतल्या सर्वांत मोठ्या घरांपैकी होतं, वस्तीच्या मध्यावर होतं, आणि त्याला धान्याचं कोठार होतं. तिथल्या इतर प्रौढांना आडवं पुरलेलं आहे आणि त्यांचे पाय घोट्यापासून तोडलेले आहेत, याचे पाय मात्र शाबूत. यावरून अभ्यासकांनी अंदाज बांधला की हा गावचा प्रमुख असावा.

म्हणजे बघा, गंमत काय झाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या, नावही माहीत नसलेल्या माणसाबद्दल आपण इतकं बोलू शकतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या वज्रीच्या मालकिणीबद्दल एक अक्षर नाही. हाच रांजण कुणी खणून काढून बाजारात विकला असता तर? रांजण तोच राहिला असता, गावचा प्रमुख नाहीसा झाला असता.

तिसरी पाटी सगळ्यांच्या जिव्हाळ्याची, म्हणून जरा जपून वाचू. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि १९ जुलै २०२४ पासून साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. रांगा लागल्या. वादही झाला: ही महाराजांचीच का? प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ ला काय घडलं, याबद्दल हा वाद नव्हता. प्रश्न फक्त या एका वस्तूच्या वंशावळीचा होता.

वाघनखांसोबत एक जुनी पेटी आहे आणि तिच्यावर इंग्रजीत मजकूर. अर्थ असा, की शिवाजीने ज्या वाघनखांनी मुघल सेनापतीला मारलं ती ही, आणि जेम्स ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट असताना मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने ती त्याला दिली. आता संशोधक म्हणून हे वाचा. अफजलखान मुघल नव्हता, तो विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार. पेशवा हाच मुळात छत्रपतींचा मुख्य प्रधान, मग 'पेशव्याचा पंतप्रधान' म्हणजे नक्की कोण? नाव नाही. आणि ग्रँट डफ साताऱ्यात आला तो १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी. म्हणजे ती भेट होती, की हरलेल्याने खाली ठेवलेलं हत्यार? एवढ्याशा मजकुरात इतके प्रश्न.

तिथल्या संग्रहालयाने एक गोष्ट मात्र बरी केली. आपल्या नोंदीत त्यांनी सरळ लिहिलंय की ही वाघनखं जवळपास १६० वर्षं आधी शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत, हे पडताळता आलेलं नाही. आपल्याकडे हे वाक्य अनेकांना अपमान वाटलं. मला ते त्या पेटीतलं सर्वांत प्रामाणिक वाक्य वाटतं. महाराज त्या वाक्याने लहान होत नाहीत. १६५९ ते १८१८ या काळात वाघनखं कुठे होती, हे आपण सिद्ध करू शकत नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. आपण वस्तू परत मागितली, तशी तिच्याबरोबर ग्रँट डफच्या कागदांची, घराण्याच्या पत्रांची, पेटीवरचा मजकूर कधी कोरला याची मागणी तितक्याच जोरात व्हायला हवी होती. रांगेतल्या किती जणांनी ती पेटी वाचली असेल?

कुणी म्हणेल, एवढा कीस कशाला? वस्तू आहे ना समोर, पुरे. याचं उत्तर तामिळनाडूत आहे. श्रीपुरंदन गावच्या देवळातली चोळकालीन नटराजाची मूर्ती चोरीला गेली आणि २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने ती सुमारे ५० लाख अमेरिकन डॉलरना विकत घेतली. विकणाऱ्याने मूर्ती कैक वर्षांपूर्वीच भारताबाहेर गेल्याची खोटी कागदपत्रं दिली होती. पण पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने देवळादेवळांतून फिरून मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. त्यात हाच नटराज आपल्या देवळात उभा होता. सप्टेंबर २०१४ मध्ये मूर्ती भारतात परत आली. एका फोटोने खोटी वंशावळ पाडली. फोटो नसता तर काय दाखवणार होतो आपण?

माझ्या एका मैत्रिणीने या लेखाचा कच्चा खर्डा वाचून मला झापलं. "केळकरांनी त्या वस्तू उचलल्या नसत्या तर भट्टीत वितळल्या असत्या. तू एसीत बसून पाट्या काढतेस." मुद्दा शंभर टक्के बरोबर. एकटा माणूस, स्वतःचे पैसे, वाडे मोडण्याचा काळ. वाचवणं हेच पहिलं काम होतं आणि ते त्यांनी केलं. त्यांच्यानंतर आलेल्या आपल्या सगळ्यांचं काम दुसरं आहे, आणि ते झालेलं नाही.

ते काही फार खर्चाचंही नाही. पाटीवर एक ओळ वाढवा: ही वस्तू कुठून, कधी आली. माहीत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहा, त्यात कमीपणा नाही. ज्या पेठांतून, गावांतून वस्तू आल्या असतील तिथल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवा, वस्तू हातात द्या आणि बोलणं रेकॉर्ड करा. पिट रिव्हर्सने आपल्या जुन्या पाट्यांची भाषा तपासायला घेतली आणि २०२० मध्ये तर प्रेक्षकांना सर्वांत आवडणारी, दक्षिण अमेरिकेतली आकसवलेली मानवी मुंडकी काचेतून काढून ठेवली. दीडशे वर्षांच्या सवयी असलेलं संग्रहालय बदलू शकतं, तर आपलं का नाही?

आणि संग्रहालयांना सांगण्याआधी घरात बघते. आमच्या सोसायटीच्या मागे अजून दोन-तीन जुनी कौलारू घरं उभी आहेत, आयटी पार्कच्या काचांच्या बरोबर समोर. दर काही महिन्यांनी एखादं पडतं. भंगारवाल्याच्या गाडीवर पितळी घंगाळ, पाटा, जातं निघालेलं मी स्वतः पाहिलंय. वस्तू वजनावर जाते, गोष्ट फुकटात जाते.

आजीच्या अडकित्त्यासाठी मी रविवारी एक चिठ्ठी लिहिली. 'पितळी मुठी, लोखंडी पातं, एक पोपट तुटलेला. आजी रोज दुपारी जेवणानंतर वापरायची. कुठून आला माहीत नाही, माहेरचा किंवा जत्रेतला असं आई म्हणते. विचारायला उशीर झाला.' खाली तारीख घातली आणि चिठ्ठी त्याच लुगड्याच्या तुकड्यात ठेवली.

मग मावशीला फोन लावला. ती आजीची सर्वांत थोरली मुलगी, ऐंशी पूर्ण. पोपट म्हटल्यावर ती हसली आणि म्हणाली, "तुटला कसा ते सांगते, पण फोनवर नको, ये." या शनिवारी जातेय. रेकॉर्डर चार्जिंगला लावलाय. तुमच्या घरात अशी मावशी असेल तर तुम्हीही जा.